बाजारच्या दिवशी ग्यान्यानं किती खावं?

जिममधला घाम वाळून जातो, पण किस्से वाळत न्हाईत राव! एक सांगाया बसलं की बाकीचे वरडतात, "अबे, तो भाकरीचा सांग, तो भाकरीचा!"

आमची जिम जवळा बाजार गावात, पत्र्याच्या शेडमधी. शिकवणारे मुंजाभाऊ. बाजारच्या दिवशी त्यांचं चपलांचं दुकान लागतं, म्हणून त्या दिवशी जिम बंद. म्हंजे आमचा रेस्ट डे कोणता? ज्या दिवशी गावात गरम जिलेबी, भजे अन् घरोघरी मटन, बराबर तोच!

त्यात आमचा दोस्त ग्यान्या. त्याला जिल्ह्याच्या डेडलिफ्टमधी पहिला नंबर पाहिजे होता. भुईवरचा बार कमरेपर्यंत उचलायचा, बस. पण वजन एकोणसाठ किलोच्या आत पाहिजे. वर गेला की सहासष्टच्या गटात, मोठ्या रेड्यांसंगं!

*

मुंजाभाऊनं कायदा सांगितला, "रेस्टच्या दिवशी अंडी, वरण तेवढंच खायचं. भाकर एक कमी."

ग्यान्यानं घरी आईला सांगितलं, "आई, बाजारच्या दिवशी मला चार न्हाई, तीनच भाकरी."

काकू म्हणल्या, "बरं."

महिना झाला, वजन काही हालंना! भाऊ म्हणले, "चल, तुझं ताटच बघू." गेलो सगळे. ताटात भाकरी तीनच होत्या, पण एकेक एवढी की ताटाच्या बाहेर लोंबकळून राहिली!

काकू म्हणल्या, "तू तीन म्हणला, तीनच दिल्या. पीठ कमी कर असं कोण म्हणलं होतं?"

*

मंग ग्यान्यानं डोकं लावलं. रेस्टच्या दिवशी सरळ उपास!

सकाळी साबुदाण्याची खिचडी, दोन डाव. दुपारी भगर, वर शेंगदाण्याची आमटी. चारला राजगिऱ्याचे लाडू. सांजच्याला तळलेले बटाटे अन् केळाचं शिकरण. "अन्नाचा कण न्हाई घेतला भाऊ!" छाती फुगवून सांगून राहिला.

काट्यावर उभा केला. एक किलो वर!

भाऊनं कपाळाला हात लावला. "ग्यानोबा, तुला उपास झेपत न्हाई रे. तू आपला साधा जेवत जाय!"

*

एका रेस्टला साखरा गावात त्याच्या मामाच्या घरी जेवण होतं. मी सोबत. ग्यान्या पंगतीत घोकून राहिला, "एक पोळी, वरण, उठायचं. एक पोळी, वरण, उठायचं."

वाढपी बुंदी घेऊन आला. ग्यान्यानं ताटावर हात आडवा धरला. वाढप्यानं हातावरच बुंदी घातली! दुसरा हात धरला, त्याच्यावर मठ्ठा! दोन्ही हात भरलेले, पोरगं आता थांबा म्हणाया तोंड उघडतं, तर मामानं तोंडात जिलेबी कोंबली!

"लाजू नको भाच्या," मामा म्हणले, "घरच्यासारखं जेव."

*

एक किस्सा माझ्याच करणीचा हाय. आमच्या जिमला वजनाचा काटा म्हंजे आडतीवरचा, पोते मोजायचा. ग्यान्या चढला की मी मागून गपचिप पाय ठेवला. एकसष्ट!

ग्यान्याचं तोंड एवढंसं झालं. मी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी बाजार, रेस्ट. पोरगं दिवसभर काळ्या चहावर राहिलं!

तिसऱ्या दिवशी शंभर किलोचा बार लावला. रोज खेळल्यावानी उचलायचा त्यो. त्या दिवशी बार जागचा हालला न्हाई. ग्यान्याच्या डोळ्यापुढं अंधारी आली, खाली बसला तो बसलाच. माझं हसू कुठं पळालं काय म्हाईत! मी सगळं कबूल केलं.

भाऊनं मारलं न्हाई. म्हणले, "येड्यांनो, व्यायामानं अंग मोडतं, आरामाच्या दिवशी भरून निघतं. भराया काय माती टाकता का?" मंग माझ्याकडं वळले. "अन् तू! याचा बार रोज तू पुसायचा."

पुसला की! दीड महिना!

*

अन् स्पर्धेचा दिवस! वसमतला. आदल्या दिवशी नेमका बाजार आलता.

सकाळी वजन. ग्यान्या एकोणसाठ किलो तीनशे ग्रॅम! तासाभराची सवलत भेटली. स्वेटर घालून पळवला, थुंकाया लावलं, डोक्याचे केस सुदिक कापले! तरी शंभर ग्रॅम वरच. गेला सहासष्टमधी!

तिथं वसमतचा बंडू. मान न्हाईच त्याला, डोस्कं सरळ खांद्यावर! ग्यान्या रडकुंडीला आला. तेवढ्यात काकू एसटीनं डबा घेऊन हजर. "वजन झालं ना? मंग जेव आता." ग्यान्या रागारागात तीन भाकरी, चार अंडी अन् दही हाणून गेला.

अन् काय सांगू! दीडशेच्या वर कधी न गेलेलं पोरगं, त्यानं एकशे पंचावन्न उचलला! बंडूचे तीनातले दोन डाव फुकट गेलते. त्याचा एकच डाव उरला. पहिला नंबर आमचाच! आमी नाचायलोच होतो.

बंडू घाम पुसत काकूजवळ आला. "मावशी, वजनासाठी कालपासून काही खाल्लं न्हाई. माझा डबा बी घरीच राहिला. एखादी भाकर हाय का?"

आमी मागून हात हालवून राहिलो, न्हाई म्हणा, न्हाई म्हणा! भाऊ बी डोळ्यानं खुणावून राहिले. काकूनं बघितलं बी न्हाई. "बस लेकरा," म्हणल्या, अन् उरलेल्या दोन भाकरी, पिठलं, वर ठेचा वाढला.

बंडूनं बोटं चाटली, पाणी पिला, एकशे साठ लावायला सांगितला अन् उचलला!

आमी नाचाया वर केलेले हात खाली घेतले. ग्यान्यानं डोकं धरलं. एकट्या काकू उभ्या राहून टाळ्या वाजवून राहिल्या.

"बघ ग्यान्या, बघ! कवाची सांगते, लेकरू खाल्ल्यावरच उचलतं!"