कारिटाचं फूल

"हात धुतलंस गो?" कामावर येणाऱ्या प्रत्येकीला ते आधी हेच विचारायचे. मग स्वतःची बोटं उन्हात धरून नखांत पिवळं काही राहिलंय का ते बघायचे. तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात.

आचऱ्याजवळच्या मळ्यात ते चिबडाच्या, म्हणजे खरबुजासारख्या फळाच्या, वेलांवर प्रयोग करत. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. मी घाटावरून लग्न होऊन आलेली, चौथीत शाळा सुटलेली. काम जाईल ही सारखी धास्ती. त्यांनी मला फुलांना बांधायच्या चिठ्ठ्या लिहायला बसवलं.

"माझं अक्षर चांगलं नाही हो."

"वेलीक वाचूक खंय येता? माका कळला म्हणजे झाला."

कुंपणावर कारिटाचे रानवेल होते. दिवाळीत पायाखाली फोडतात ना, ते कारीट. पानांवर पिवळे ठिपके. मास्तर म्हणत, या रोगाचा विषाणू कारिटाच्या परागातून चिबडात शिरतो आणि बियांतून पुढे जातो. म्हणून चिबडाच्या एका ओळीला ते कारिटाचे पराग लावत, दुसरीला निरोगी चिबडाचे. वर कागदी पिशव्या.

"मास्तर, फुलांची लग्नां लायलास, जेवान खंय?" बायका चिडवायच्या.

"बी रुजांदे, मगे जेवा."

एकदा ते तापाने घरी राहिले. निरोगी ओळीत पिशवीतली दोन मादी फुलं उमलली होती. आमच्या गावी भोपळ्याच्या मादी फुलावर नर फूल हाताने टेकवतात. ही दोन फुकट गळणार म्हणून माझा जीव तुटला. चिबडाची नर फुलं कोमेजलेली. मी कुंपणावरचं कारिटाचं तोडून लावलं. रोग पानावर होता, फूल तर स्वच्छ दिसत होतं. पिशवी बांधली, बाकीच्यांसारखीच चिठ्ठीही.

बी रुजलं आणि निरोगी ओळीच्या काही रोपांवरही ठिपके उठले.

मोठे साहेब पाहायला आले. "रोग दोन्हीकडे आहे. मग परागाचा संबंध काय?"

"माझ्याच हातून कुठेतरी चूक झाली असेल, साहेब," मास्तर म्हणाले. मी मागेच उभी होते. ती दोन फुलं कुणी लावली ते मलाच ठाऊक होतं. प्रयोग बंद झाला, त्यांची बदली झाली.

ते निघाले त्या दिवशी, आज सांगायचंच म्हणून मी मालवणच्या स्टँडवर गेले. मला बघून तेच आधी बोलले, "नव्या सायबाक सांगलंय. तुझा काम जावचा नाय, भिया नको."

त्या कामावर माझी मुलं शिकली. मास्तर पुन्हा भेटले नाहीत.

त्या दिवशी गाडी हलली तेव्हा माझ्या तोंडून "मास्तर" एवढंच निघालं. त्यांना वाटलं, मी निरोप घेतेय. खिडकीतून हात काढून त्यांनी मला सावलीत जायची खूण केली.