पाठ फिरवण्याचा धडा

संध्याकाळी दार उघडलं की आमचा कुत्रा बंड्या अंगावर झेप घेतो. ओढणी ओढतो, डबा पाडतो. त्याला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "उडी मारली की पाठ फिरवायची. शांत बसला तरच दोरीचा खेळ." म्हणून दमलेली मी रोज दाराकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखी उभी राहते.

"आलीस?" नवरा मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारतो. एकेकाळी तो जिना उतरून सामोरा यायचा. मीच म्हणायचे, "अरे, दमलेय, आत्ता नको." असले धडे माणसांच्या फार लवकर अंगवळणी पडतात.

आज बंड्या शहाण्यासारखा बसून होता. मी जमिनीवर बसले, म्हटलं, "ये रे, मार उडी."

तो जागचा हलला नाही.