अप्पांच्या पुढे चाक नको

माझे वडील अरोक्यसामी यांनी अडतीस वर्षं बस चालवली आणि तीही एकाच रस्त्यावर. मलेशियातल्या तैपिंगच्या बाजारातून निघायचं, सिंपांग, मातांग करत कुआला सेपेतांगच्या धक्क्यापर्यंत जायचं, तिथे दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून कॉफी प्यायची आणि परत फिरायचं. दिवसाला पाच खेपा. सगळा रस्ता त्यांना नुसतं 'सामी' म्हणायचा. कोळंबीच्या टोपल्या घेऊन चढणाऱ्या चिनी बायका, शाळेची पोरं, कोळशाच्या भट्ट्यांवरचे मलय कामगार, सगळेच. कुणाच्या सुनेला कितवा महिना लागलाय हे अप्पांना पाठ असायचं. तशी कुणी थांब्यावर उभी दिसली, की ती उतरेपर्यंत बस अशी चालायची की जणू आत भरलेला हंडा ठेवलाय.

एवढं आयुष्य स्टिअरिंगमागे गेलं, पण स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. घरी एक मोटरसायकल होती. निवृत्त झाल्यावरही बाजार, चर्च, दवाखाना सगळं तिच्यावरच. अम्मा मागे आडवी बसायची, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताने अप्पांच्या शर्टाची मूठ धरून. मग अम्माचे गुडघे गेले. तिला मोटरसायकलवर चढता येईना. त्याच वर्षी तळ्याकाठच्या रस्त्यावर, ओल्या पाल्यावरून अप्पांचं चाक घसरलं आणि मनगट मोडलं. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते.

प्लास्टर निघायच्या आधीच मी आणि माझा धाकटा भाऊ झेवियर यांनी ठरवलं की आता अप्पांना गाडी घेऊन द्यायची. झेवियर पेनांगला एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो. मी तैपिंगच्याच सरकारी इस्पितळात औषधं देते आणि अप्पांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. नवीन गाडी घ्यायला अप्पांनी पहिल्याच झटक्यात नकार दिला. नवी गाडी आली की तिला ओरखडा पडेल म्हणून मी घराबाहेर काढणार नाही, म्हणाले. हे खरंच होतं. घरातल्या नव्या पंख्यावरचं प्लॅस्टिक त्यांनी चार वर्षं काढू दिलं नव्हतं. म्हणजे जुनीच घ्यायची.

झेवियरने महिनाभर अभ्यास केला. कुठली गाडी कमी बिघडते, कुठल्या गाडीत अपघात झाला तर माणूस वाचतो, सुटे भाग कुठले मिळतात, याची त्याने वहीच केली होती. त्यातून त्याने एक पांढरी, लहान, आपोआप गिअर बदलणारी गाडी काढली. पाच वर्षांची, एका शिक्षिकेने वापरलेली. मागे जाताना काही आडवं आलं की आवाज करायची. मला ती आवडली. अम्माला तिची गादी आवडली. अप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." एवढंच.

रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही ती चालवून बघायला गेलो. अप्पा चालवायला, शेजारी झेवियर, मागे मी आणि अम्मा. सरळ रस्त्यावर सगळं ठीक होतं. अप्पा फक्त एवढंच म्हणाले की खूप खाली बसल्यासारखं वाटतंय, रस्त्याऐवजी माणसांचे कमरपट्टे दिसतायत. मग डावीकडे वळायची वेळ आली. अप्पा वळेचनात. कोपरा आला, कोपरा गेला, झेवियर "अप्पा, अप्पा" करायला लागला आणि तेव्हा कुठे अप्पांनी शांतपणे, दोन्ही हातांनी, भलंमोठं स्टिअरिंग फिरवल्यासारखं ते फिरवलं. गाडी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला गेली, फूटपाथवर चढली आणि चहाच्या टपरीच्या स्टुलांमध्ये जाऊन थांबली. नशिबाने स्टुलांवर कुणी नव्हतं. दोन लाल स्टुलं आडवी झाली. टपरीवाला बाहेर आला, आत कोण आहे ते वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सामी, इथे कधीपासून थांबा झाला?"

आम्ही हसलो. अप्पा हसले नाहीत. ते उतरले, स्टुलं उचलून जागेवर ठेवली, किल्ली झेवियरच्या हातात दिली आणि मागे अम्माशेजारी येऊन बसले.

त्यानंतर आठवडाभर ते गाडीबद्दल बोलले नाहीत. मी रोज संध्याकाळी जायचे. ते ओट्यावर बसलेले असायचे. एकदा म्हणाले, "रेजिना, झेवियरला सांग, शोधू नको म्हणावं. माझं वळण गेलं." अडतीस वर्षांत ज्या माणसाच्या बसला एक कुत्रंही लागलं नव्हतं, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला कसंतरीच झालं. वय झालंय, असं ते स्वतःला समजावत होते, आणि मीही मनातून तेच समजले होते.

पुढच्या शनिवारी गेले तर ओट्यावर चपला मांडलेल्या होत्या. घरातल्या सगळ्यांच्या. चार चपला चार कोपऱ्यांत, आणि त्यांच्या पुढे, अगदी टोकाला, स्टूल टाकून अप्पा बसलेले. हातात अम्माचं तांदूळ पाखडायचं गोल सूप. मला वाटलं, आता डोकंही गेलं.

"इकडे ये, बघ," अप्पा म्हणाले. "ही माझी बस. ही पुढची चाकं. मी कुठे बसलोय?"

"चाकांच्या पुढे."

"बरोबर. म्हणजे कोपरा माझ्या छातीसमोर आला तेव्हा वळलो, तर मागची बस फूटपाथवर. म्हणून मी आधी पुढे जायचो, कोपरा खांद्यामागे गेला की मग फिरवायचो." मग त्यांनी पुढच्या दोन चपला उचलून स्टुलाच्या पुढे हातभर अंतरावर ठेवल्या. "आणि ही झेवियरची गाडी. चाकं माझ्या आधीच कोपऱ्यावर पोचलेली. मी वाट बघत बसलो."

ते स्वतःशीच हसले. आठवड्यात पहिल्यांदा. "माझं वळण नाही गं गेलं. चाकं पुढे गेली. मला अशी गाडी बघा, जिच्यात माझ्या पुढे चाक नसेल."

सुपाशिवाय अडलेली अम्मा आतून ओरडली, की अशी गाडी सापडेपर्यंत तांदूळ कशात पाखडू तेही सांगा.

झेवियरला फोनवर सांगितलं, पण त्याला ते मुळीच पटलं नाही. चपट्या तोंडाची गाडी म्हणजे भाजीवाल्याची व्हॅन. त्याच्या वहीत ती सर्वांत शेवटी होती. रविवारी तो आला तो भांडायच्याच तयारीने. म्हणाला, "अप्पा, पुढे बॉनेट नसतं त्या गाड्यांना. कुणी येऊन धडकलं तर आधी तुमचे गुडघे. मी हे रोज बघतो, लोखंड माणसाला ओळखत नाही." तो चिडून बोलत नव्हता, घाबरून बोलत होता, हे अप्पांनाही कळलं. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झेवियर, जिच्यात मी नीट वळू शकत नाही, ती गाडी मला धोक्याची आहे. जिच्यात वळू शकतो, तिच्यात मला कुणी धडकणार नाही एवढी काळजी मी घेईन. मोठ्या रस्त्याला जाणार नाही. अंधार पडायच्या आत घरी."

बराच वेळ वाद चालला. शेवटी हमरस्त्याला कधीच लागायचं नाही आणि डोळे दरवर्षी तपासायचे, या दोन अटींवर झेवियर तयार झाला.

गाडी सापडली तैपिंगच्याच असाम कुम्बांग वस्तीत. अंकल ऊई म्हणून पियानोचे सूर लावणारे एक गृहस्थ होते. ऐंशी वर्षांचे, एकटे. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून गाडी विकायची होती. लहानशी चपट्या तोंडाची व्हॅन, चोवीस वर्षांची, वर सायीच्या रंगाची आणि खाली हिरवी. खिडक्यांना त्यांनी स्वतः शिवलेले पडदे होते. आत हत्यारांसाठी पातळ फळ्यांचे कप्पे केले होते आणि प्रत्येक कप्प्यात जुन्या लोकरीचा तुकडा लावला होता, का, तर रस्त्यात खडखडाट नको. गाडीचा आवाज ऐकून ती कुठे दुखतेय ते मला कळतं, असं ते म्हणाले.

आम्ही चौघं गेलोच, पण अप्पांनी सोबत राशीदकाकांनाही आणलं होतं. बसच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काम केलेले, अप्पांच्या वयाचेच. ते सतरंजी टाकून गाडीखाली शिरले. पान्याच्या टोकाने टकटक करत सगळा सांगाडा वाजवून पाहिला, गंज कुठवर आलाय बघायला. गाद्यांखालचं कापड उचकटून वास घेतला, पुराच्या पाण्यात बुडालेली नाही ना म्हणून. तेल बघायची पट्टी ओढून बोटावर तेल घासलं. अर्ध्या तासाने बाहेर आले आणि मागच्या दाराखालचा पत्रा बदलावा लागेल एवढं सांगून म्हणाले, "सामी, हिला तुझ्या-माझ्यापेक्षा कमी गंज आहे."

मग अप्पा चढले. मी शेजारी बसले. पायाखाली पुढचं चाक, समोर काच आणि काचेपलीकडे लगेच रस्ता. हाताने बदलायचा गिअर. त्यांनी डावा हात त्यावर ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला. गल्लीच्या तोंडाशी डावं वळण होतं. माझे पाय आपोआप ताठ झाले. गाडी वळली, आणि तीही अशी, की माझ्या मांडीवरची पर्ससुद्धा सरकली नाही. तीन गल्ल्या फिरून आम्ही परत आलो. "थोडा फरक आहे," अप्पा म्हणाले, "पण तो दोन दिवसांत अंगवळणी पडेल." अंकल ऊई फाटकात उभे राहून कान देऊन ऐकत होते. त्यांनी विचारलं, "दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना तुम्ही थांबता का? आवाजच आला नाही." अप्पांना आयुष्यात कुणी दिलेली ही सर्वांत मोठी शाबासकी असावी. ते लाजले.

पण खरी अडचण नंतर आली. त्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचं म्हणजे चाकावरून वर चढायचं. अम्माने दाराला धरून पाय उचलला आणि तो गुडघ्यापाशीच अडकला. दोनदा, तीनदा करून पाहिलं. झेवियर पटकन म्हणाला, की मागचं दार सरकतं, तिथून सोपं जाईल, अम्मा मागे बसेल. त्याच्या आवाजात जरा आशाही होती, की आता तरी पांढऱ्या गाडीचा विचार होईल.

अम्मा पाय खाली घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "सेहेचाळीस वर्षं मी ड्रायव्हरची बायको आहे. बसमध्ये मागे बसले, मोटरसायकलवर मागे बसले. ह्यांचं तोंड मला गाडी थांबल्यावरच दिसतं. मागेच बसायचं असेल तर मी चालत जाईन."

  राशीदकाका तोवर दाराजवळ बसून मापाची टेप लावायलाही लागले होते. चार दिवसांनी गाडी घरी आली तेव्हा डाव्या दाराखाली जाळीची रुंद पायरी जोडलेली होती आणि आत उभा स्टीलचा दांडा. एवढा भक्कम की झेवियर त्याला लोंबकळून बघत होता. अम्माने एक पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला, तोंडाने सेंट अ‍ॅनचं नाव घेतलं आणि वर. मग सीटवर पदर सारखा करून तिने आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्हीच कुठल्यातरी थांब्यावर मागे राहिलेलो आहोत.

पहिल्याच गुरुवारी ती दोघं कुआला सेपेतांगला गेली, 'करी मी' म्हणजे तिखट रश्शातल्या नूडल्स खायला. मला रजा होती म्हणून मी मागच्या सीटवर, पडदे बाजूला सारून. अम्मा सिंपांगपासून जी बोलायला लागली ती थांबेचना. मामेबहिणीच्या नातवाचं लग्न, चर्चच्या नव्या फादरची तमिळ, शेजाऱ्यांच्या कोंबड्या, मातांगला दिसलेलं एक पाडलेलं घर. अप्पा रस्त्यावर नजर ठेवून, हूं की चूं नाही. मला अम्माची दया यायला लागली. भट्ट्यांचा धूर दिसू लागला, खाडीचा वास आला, आणि अप्पांनी धक्क्याशी गाडी लावून इंजिन बंद केलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "सगळं ऐकलं. पण चालवताना बोलायची सवय नाही मला. बसमध्ये मनाई होती."

"मी कुठे उत्तर मागितलं?" अम्मा म्हणाली. "आधी मला उतरवा. भूक लागलीय."

नूडल्सच्या दुकानातल्या म्हातारीने अप्पांना ओळखलं, अम्माला ओळखलं नाही. ही कोण, म्हणून तिने विचारलं. अप्पांनी सांगितल्यावर तिने तीन वाडग्यांत जास्तीच्या कोळंब्या घातल्या आणि अम्माजवळ बसून, सामी तरुणपणी कसा होता ते सगळं तिच्या कानात सांगितलं. अम्मा खूप हसली. काय सांगितलं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही.

याला आता तीन वर्षं झाली. अप्पा हमरस्त्याला लागत नाहीत, डोळे तपासून घेतात. दर महिन्याला एकदा असाम कुम्बांगला जाऊन अंकल ऊईंना गाडीचा आवाज ऐकवून येतात. मागच्या खेपेला अंकल ऊईंनी फाटकातूनच सांगितलं, की उजव्या मागच्या चाकात काहीतरी कुरकुरतंय. राशीदकाकांनी चाक उघडलं. होतंच.