हॉलला दोन फूट कमी पडत होते

आमचे हे बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. दुसऱ्यांच्या बंगल्यांचे नकाशे काढून त्यांचा हात इतका बसला होता, की किराण्याची यादी लिहिली तरी अक्षरं एका उंचीची यायची. म्हणून जालना रस्त्याच्या बाजूला, तेव्हाच्या मानानं पार गावाबाहेर, सोसायटीत तीस बाय चाळीसचा प्लॉट मिळाला तेव्हा मला वाटलं, चला, नकाशाची तरी काळजी मिटली.

नकाशाला दीड वर्ष लागलं.

दर रविवारी सकाळी हे पाट घेऊन कागद पसरायचे. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत जे जे काढलं होतं ते सगळं आपल्या बैठ्या घरात यावं, असं त्यांच्या मनात होतं. एकदा त्यांनी पोर्च काढला आणि आपल्याकडं मोटार नाही हे आठवल्यावर खोडला. हॉल मात्र प्रत्येक कागदावर वाढत गेला. हॉल वाढला की मागं कुठं तरी काही तरी कमी व्हायचं, आणि मागं स्वयंपाकघर होतं.

माझं मागणं एकच होतं. स्वयंपाकघर पुढं घ्यावं आणि त्याला रस्त्याकडं खिडकी असावी. मी दुपारच्या शाळेत शिकवत होते. सकाळचे चार तास स्टोव्हपुढं, भिंतीकडं तोंड करून जायचे.

"स्वयंपाकघर मागं असतं," हे म्हणाले.

"कुणी ठरवलं?"

"पद्धत आहे."

ज्यानं ती पद्धत पाडली त्यानं पोळ्या केल्या नसणार, एवढं मी मनात म्हटलं आणि वह्या तपासायला घेतल्या.

बांधकामावर लक्ष ठेवायला सासरे सिल्लोडकडच्या गावाहून आले. त्यांना मी मामा म्हणायचे, हे दादा. निजामाच्या राजवटीत त्यांची शाळा उर्दूतून झाली होती. पोलीस ॲक्शननंतर मुलगा मराठी शाळेत गेला, आणि आता तो मुलगा नकाशावर खोल्यांची नावं इंग्रजीत लिहीत होता. मामांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि मागच्या एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"टॉयलेट."

"म्हंजे?"

"संडास, दादा."

"घरात?"

"आता सगळीकडं घरातच असतो."

मामांचं बोट शेजारच्या चौकोनावर सरकलं. "अन् हे?"

"स्वयंपाकघर."

मामांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "एकाच भितीला दोन्ही. लई डोकं चालवलंस."

"पाइप कमी लागतो ना," हे खुश होऊन म्हणाले.

आखणीच्या दिवशी आम्ही तिघंही प्लॉटवर गेलो. मिस्त्री खुलताबादचे, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि चुन्याची फक्की टाकली. दीड वर्षाचं घर अर्ध्या तासात जमिनीवर उमटलं. ते इतकं लहान दिसत होतं, की म्हैस बांधायला आखलंय असं वाटावं.

चुन्यात घर लहानच दिसतं, भिंती आल्या की मोठं होतं, असं हे वीस वर्षं लोकांना सांगत आले होते. त्या दिवशी त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसेना. ते हॉलच्या रेघांत उभे राहिले, हात पसरले, एक काल्पनिक सोफा ओलांडला आणि म्हणाले, "मिस्त्री, हॉल दोन फूट वाढवा."

"किधर से लेना साब?"

"स्वयंपाकघरातून."

माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. मामांनी मात्र पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी ह्यांना आठवडाभराच्या दौऱ्यावर बीडकडं जावं लागलं. पाया खणायला घ्या, असं मिस्त्रींना सांगून हे गेले. सकाळी मी चहा घेऊन प्लॉटवर गेले तर मामा आणि मिस्त्री लिंबाखाली बसून उर्दूत बोलत होते. दोघांच्या मध्ये तो नकाशा होता आणि दोघांनाही त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

"भाभी, जरा पढ़ के बताव," मिस्त्री म्हणाले. "चूल्हा किधर है?"

मी कागद हातात घेतला. मामा चहाच्या कपात बघत म्हणाले, "सूनबाई, नीट वाच. घाई नको."

त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं. पुढं हॉलशेजारी निजायची खोली होती. तिच्यावर बोट ठेवून मी म्हणाले, "हे स्वयंपाकघर. रस्त्याकडं खिडकी आहे. निजायची खोली मागं."

"अन् ते दुसरं?" मामांनी विचारलं.

"ते घरात नाही. मागच्या कोपऱ्यात आहे, कंपाउंडला लागून."

"साब ऐसाच बोले?" मिस्त्रींनी विचारलं.

"व्हय," मामा म्हणाले. पोटच्या पोराच्या नावावर ते इतक्या सहज खोटं बोलले, की मलाही क्षणभर खरं वाटलं. मिस्त्रींनी जुनी फक्की पुसून नवी टाकली आणि हॉलचे दोन फूटही मूळ जागी आले.

हे परतले तेव्हा पाया जोत्यापर्यंत आला होता. मोजपट्टी काढून ते तासभर मोजत फिरले. मिस्त्रींना काही विचारलं नाही. शेवटी आमच्यापुढं येऊन उभे राहिले.

"हे कुणी सांगितलं?"

"मी," मामा म्हणाले.

"मीपण," मी म्हणाले.

ह्यांनी मोजपट्टी गुंडाळली. मग मिस्त्रींकडं वळून म्हणाले, "खिडकी चार फुटी ठेवा. तीनची अंधारी होईल."

सुधारलेला नकाशा त्यांनी दोन दिवसांत काढला. मंजुरीच्या वेळी साहेबांनी म्हणे स्वयंपाकघराच्या जागेचं कौतुक केलं. "बराच विचार केला होता, असं मी सांगितलं," हे घरी येऊन म्हणाले. हसले नाहीत.

घर झालं. मामांनी त्या कोपऱ्यातल्या संडासात कधी पाऊल ठेवलं नाही. पलीकडची मोकळी जमीन होती तोवर ते तांब्या घेऊन तिकडंच जायचे, आणि पावसाळ्यात छत्री घेऊन अंगण ओलांडायचं काम आमच्या वाट्याला आलं. माझ्या खिडकीतून रस्त्याची सगळी धूळ पिठावर यायची. येणारा-जाणारा थांबून आज काय भाजी म्हणून विचारायचा, पत्ते विचारणारे वेगळे. शाळेत उशिरा पोचल्याबद्दल दोनदा बोलणी खाल्ल्यावर मी खिडकीला पडदा लावला. ह्यांनी तो पाहिला आणि काही म्हटलं नाही. ते न म्हणणं मला बरेच दिवस पुरलं.

पुढं ह्यांच्या ऑफिसातले एक जण घर बांधायला निघाले आणि नकाशा मागायला आले. मी पडद्याआड चहा गाळत होते. हॉलमधून ह्यांचा आवाज आला.

"स्वयंपाकघर पुढं घ्या," हे सांगत होते. "बायकांना आवडतं."

"तुमच्या घरी विचारून केलं का?"

"नाही, ते मला आधीच कळलं होतं," हे म्हणाले.

मी चहा घेऊन बाहेर गेले. त्यांनी कप घेतला, पण माझ्याकडं पाहिलं नाही.