सरांचा डोह

आमचे सर पहिल्या भेटीत कुणाला गाव विचारत नसत, ओढा विचारत. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, "कुठल्या ओढ्याची तू?" मी घाबरले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. प्रत्येक प्रश्नाचं एक बरोबर उत्तर असतं आणि ते बाकी सगळ्यांना आधीपासून माहीत असतं, असं मला तेव्हा वाटायचं. मी कशीबशी म्हणाले, "सर, आमच्याकडे ओढा नाही. मळ्यामागून नुसता नाला जातो."

"उन्हाळ्यात आटतो?"

"नाही. थोडं तरी वाहतं."

"मग त्याला नुसता म्हणू नकोस," सर म्हणाले, आणि पुढच्या रविवारी आमच्या मळ्यात हजर झाले.

सर प्राणिशास्त्र शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. दर जूनला नव्याने नेमणूक होणार की नाही, याची टांगती तलवार. ओढ्यावर घालवलेले रविवार कुठल्याच तासात धरले जात नसत. तरी ते पँट दुमडून पाण्यात उतरत, दगड पालथा करत आणि त्याला चिकटलेले किडे पांढऱ्या ट्रेमध्ये सोडत. त्यात तीन शेपट्यांची एक चपटी अळी दिसली, की त्यांच्यातला नामपूरचा माणूस उफाळून येई. "जित्ता शे!" ते आपल्या गावाकडच्या बोलीत ओरडत. जिवंत आहे! त्या अळीला घाण पाणी सोसत नाही. ती आहे तोवर ओढा ठीक आहे. लाल अळ्याच निघू लागल्या, तर समजायचं की पाण्याचा श्वास कोंडलाय. बघून झालं की दगड जसा होता तसा, त्याच बाजूवर ठेवायचा. एकदा मी तो घाईत टाकला, तर म्हणाले, "लोकांच्या घरी जाऊन छप्पर उचकटतेस आणि तसंच टाकून निघतेस होय?"

आई बांधावरून हे सगळं बघत असे. "एवढा शिकलेला माणूस, अन् किडं धरतो," ती मला म्हणाली. सरांना ते ऐकू गेलं.

"मावशी, तुमच्या झेंडूच्या पाण्याची राखण हेच किडे करतात."

"मंग त्यांना म्हनावं, निंदायला पन या. बाया मिळंना झाल्यात."

सर इतके हसले की ट्रे कलंडला. तेव्हापासून आई त्यांना भाकरी बांधून देऊ लागली, पण किड्यांवर तिचा विश्वास काही बसला नाही.

त्या वर्षी गावाचा पाणलोट आराखडा व्हायचा होता. सरपंच आप्पांना मशीन लावून अख्खा ओढा खोल करून घ्यायचा होता. सरांचं म्हणणं वेगळं होतं. खालचा टप्पा गाळाने भरलाय, तो उपसा. डोंगराच्या उतारावर चर खणा. पण आमच्या मळ्यामागच्या वरच्या टप्प्याला हात लावू नका. तिथे तळाच्या खडीतून झरा फुटतो आणि त्याच्याच जोरावर ओढा उन्हाळाभर वाहतो. ग्रामसभेत सर ट्रे घेऊनच गेले.

"सर, मत कुनाचं धरायचं? आमचं का किड्यांचं?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, तुम्ही पाच वर्षांनी बदलाल. त्यांना रोज तिथंच राहायचंय."

सभा खळखळून हसली आणि हसता हसता तयारही झाली. वरचा टप्पा वगळायचा, असा ठराव झाला. बसथांब्यावर सर लहान मुलासारखे खूश होते. "एका अळीनं ग्रामसभा जिंकली गं," ते म्हणत राहिले. इथेच थांबता आलं असतं, तर मला हे लिहावंच लागलं नसतं.

दर वेळी त्याच जागचं पाणी तपासता यावं, म्हणून आम्ही वरच्या टप्प्यातल्या मोठ्या दगडांवर पांढऱ्या ऑइलपेंटने गोल काढले होते. आमच्याकडे जमिनीवरच्या पांढऱ्या खुणेचा अर्थ एकच होतो: इथे खणायचं. विहीर असो की घराचा पाया, आधी चुन्याची फक्की पडते, मग मशीन येतं. आप्पांनी खालच्या टप्प्यात फक्की मारून घेतली होती, पण अवकाळी पाऊस आला आणि ती धुऊन गेली. मशीनवाला बाहेरगावचा. त्याने आप्पांना फोन केला, तेव्हा आप्पा कुणाच्या तरी लग्नात होते. "पांढऱ्या खुना केल्यात ना, तिथं सुरू कर," ते म्हणाले. ऑइलपेंट पावसाने जात नाही.

सर आले तोवर झऱ्याच्या जागी खोल खड्डा झाला होता आणि खडीचे ढीग काठावर पडले होते. मशीनवाला सरळ माणूस होता बिचारा. घाम पुसत म्हणाला, "सर, एक बी खून सोडली नाय बघा." सरांनी ढिगातला एक दगड उचलला. त्यावर अर्धा गोल शिल्लक होता. तो हातात धरून ते कितीतरी वेळ उभे राहिले. कुठे ठेवायचा आणि कुठल्या बाजूवर, ते आता ठरवता येत नव्हतं.

चूक नेमकी कुणाची, हे मला आजही सांगता येत नाही, आणि म्हणून राग कुणावर काढावा तेही कळत नाही. पावसाळ्यात खड्डा तुडुंब भरला. आप्पांनी जलपूजन ठेवलं आणि सत्काराला सरांना बोलावलं. तो टोमणा नव्हता. सरांच्या अभ्यासामुळेच पाणी आलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. सरांनी शाल आणि नारळ घेतला. बोलायचा फारच आग्रह झाला, तेव्हा म्हणाले, "हे माझं काम नाही." लोकांनी त्यांच्या विनयाला टाळ्या वाजवल्या.

पुढच्या जूनला कॉलेजने त्यांना बोलावलं नाही. त्याचा ओढ्याशी काही संबंध नव्हता. तास कमी झाले होते म्हणे. सर नामपूरला गेले. आता भावाच्या कांद्याच्या व्यापारात मदत करतात.

ओढा दिवाळीनंतर वाहायचा थांबला. खड्ड्यात हिरवं पाणी साचून असतं, तेही लोक मोटारी लावून उपसतात. खाली काहीच पोहोचत नाही. आईने यंदा झेंडू निम्म्यावर आणला. "नुसतं दिसतं पानी," एवढंच ती म्हणते. मी अजून रविवारी जाऊन दगड पालथे करते. लाल अळ्या निघतात.

मध्यंतरी सरांचा फोन आला. माझ्या परीक्षेचं, आईच्या गुडघ्यांचं विचारून झालं. मग म्हणाले, "ओढा कसा शे?"

मला खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना. "पाणी आहे, सर," मी म्हणाले.

पलीकडून नुसता कांद्याच्या लिलावाचा गलका ऐकू येत राहिला.

"पाणी आहे का, हे मी विचारलं नाही गं," सर म्हणाले.

गावाने त्या खड्ड्याला प्रेमाने नाव ठेवलंय, सरांचा डोह. आप्पांनी तिथल्या मोठ्या दगडावर ते रंगवूनही घेतलंय, पांढऱ्या ऑइलपेंटने. हे मी त्यांना सांगितलं नाही.