सासूबाईंचे नवे केस

लग्नानंतर कित्येक वर्षं मी माझ्या सासूबाईंचे केस ओले पाहिले नव्हते. मानेपर्यंत कापलेले, सरळ, चकचकीत, टोकं आत वळवलेली. त्या शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावरही शनिवारची पार्लरची वेळ त्यांनी सोडली नाही. त्या कृष्णवर्णीय अमेरिकन. मूळचे केस अगदी बारीक, घट्ट कुरळे, पण हे मला ऐकूनच माहीत. लहानपणी त्यांच्या आईनं स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून त्यांच्या डोक्याला केस सरळ करायचं रसायन लावलं होतं. इकडे त्याला रिलॅक्सर म्हणतात. पुढे मुळाशी कुरळे केस डोकावायला लागले की पुन्हा रिलॅक्सर, असं आयुष्यभर चाललं.

मी नागपूरची. नोकरीसाठी अमेरिकेतल्या कॅरी गावात आले आणि ऑफिसातच त्यांच्या मुलाशी ओळख झाली. माझ्या आईबाबांना हा जावई पचायला वेळ लागला, तसं सासूबाईंनीही मला काही लगेच पोटाशी धरलं नव्हतं. आम्ही एकमेकींशी जपून वागायचो. इकडे मोठ्या बायकांना म्हणतात तसं मी त्यांना ‘मॅम’ म्हणायचे. बोलायला आमच्याकडे एकच विषय होता, तो म्हणजे माझा नवरा. त्याला भेंडी आवडते की नाही, तो जेवतो का वेळेवर, वगैरे.

मग एका सकाळी तो जिमला गेला आणि तिथेच कोसळला. हृदय बंद पडलं होतं. हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं.

चर्चमध्ये पहिल्या बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो. सासूबाई ताठ बसल्या होत्या, केसांची एक बट हललेली नव्हती. मी रडत होते, त्यांनी रुमाल पुढे केला. त्या स्वतः रडल्या नाहीत.

नागपूरहून आई रोज फोन करायची. “परत ये गं. तिथे आता तुझं कोण आहे?” पण रविवार आला की मी गाडी काढून सासूबाईंकडे जायचे. का जातेय ते मलाही कळत नव्हतं. त्या चर्चहून आलेल्या असायच्या. आम्ही जेवायचो, टीव्ही लावायचो, आणि अंधार पडायच्या आत मी निघायचे. त्याच्याबद्दल दोघीही बोलायचो नाही.

असे काही महिने गेले असतील. एका रविवारी त्यांनी दार उघडलं तेव्हा डोक्याला रेशमी रुमाल घट्ट बांधलेला होता.

“केस जातायत,” त्या म्हणाल्या. “आंघोळीच्या टबात मूठ मूठ निघतात. आत ये, थंडी लागेल.”

त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, गाडी चालवायला मनाई होती. म्हणून पार्लरला मी घेऊन गेले. तिथली बाई त्यांच्याच वयाची, वर्षानुवर्षं त्यांचे केस करणारी. तिनं रुमाल सोडला, डोक्यावरून हळूच हात फिरवला आणि म्हणाली, “आता रिलॅक्सर बंद. माझ्या हातून तर नाहीच.”

“मग मी काय करू? या वयात डोक्यावर झुडूप घेऊन फिरू?”

“हलके कुरळे करून देते. सैल, मऊ. पण आज नाही. त्याचं औषध वेगळं असतं. सरळ केलेल्या केसांवर ते लावलं तर केस तुटून हातात येतील. आधी मुळापासून नवे येऊ द्या, मग जुने कापू, मग कर्ल.”

“किती थांबायचं?”

“वर्षभर तरी.”

सासूबाई आरशात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ठीक आहे. मला कुठे जायचंय?”

ते वर्ष फार विचित्र गेलं. मुळाशी घट्ट कुरळे, पुढे सरळ, आणि जिथे दोन्ही जुळतात तिथे केस पटकन तुटायचे. फणी फिरवायचीही भीती. मागचं त्यांना दिसायचं नाही, हात वर धरला की खांदा दुखायचा. एकदा मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते आणि बाथरूममधून हाक आली, “बेबी, जरा येतेस?” माझ्या नावाऐवजी त्यांनी वापरलेला तो पहिला शब्द.

मी त्यांच्यामागे उभी राहिले. खोबरेल तेल मी घरून आणलं होतं. त्यांनी बाटलीचा वास घेतला. “हे केकमध्ये घालतात ना?” म्हणाल्या, आणि आपल्या डब्यातलं केसांचं मलम माझ्या हातावर ठेवलं. मी केसांचा एक एक भाग वेगळा करून मुळांना मलम चोळायला लागले.

आणि माझी बोटं थांबली.

लॉकडाउनमध्ये माझ्या नवऱ्यानं केस वाढवले होते. एरवी तो बारीक कापायचा, पण तेव्हा कापणार कुठे? संध्याकाळी मीटिंगा संपल्या की तो सोफ्यावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा आणि मी केसांत बोटं घालायचे. बोटं अडकायची. “ओढू नको यार,” तो म्हणायचा. ‘यार’ माझ्याकडून शिकला होता. सासूबाईंच्या मानेवर आलेले ते नवे केस हुबेहूब तसे होते. तोच खरखरीत मऊपणा, ओढून सोडलं की पुन्हा आत वळणं.

मी केसांचा पुढचा भाग वेगळा केला. पण त्यानंतर मी रविवारची वाट बघायला लागले. बुधवारीसुद्धा जायला लागले, ऑफिसातून परस्पर. मलम लावायचं म्हणून.

वर्षानं पार्लरवालीनं सरळ टोकं कापून टाकली. राखाडी, दाट, छोट्या कुरळ्यांचं डोकं उरलं. खुर्चीच्या पाठीमागून मला फक्त मान आणि डोकं दिसत होतं, आणि क्षणभर तो बसलाय असंच वाटलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले.

कर्ल दोन आठवड्यांनी करायचे ठरले. त्या दिवशी जाताना सिग्नलला मी धीर करून म्हटलं, “मॅम, असेच छान दिसतात. राहू द्या ना.”

त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, “वर्षभर थांबले ते यासाठीच ना?”

सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली. केस त्यांचे होते. पार्लरवालीनं औषध लावलं, डोळ्यांत पाणी येईल असा वास सुटला, मग जाड रॉडवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या नळ्यांवर, केस गुंडाळले. मी मासिकाचं एकच पान बघत बसले होते. रॉड सुटले, केस धुतले, तेव्हा मोठे, सैल, ओलसर वळसे त्यांच्या कपाळावर आले. त्या खरंच सुंदर दिसत होत्या. पार्लरमधल्या सगळ्या बायका तेच म्हणाल्या. मीही म्हटलं. मग हात लावून पाहिला. मऊ, निसरडे. बोटं सरळ बाहेर आली.

गाडीत बसल्यावर मला चावी फिरवता येईना.

“काय झालं?”

“तुमचे केस त्याच्यासारखे होते,” मी म्हटलं. “मला हात लावायला मिळायचं.”

त्यांनी आपली पर्स मधे ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला माहीत होतं. तू मलम लावायला बुधवारीही यायचीस, तेव्हाच कळलं. पण बेबी, मी रोज सकाळी उठायचे आणि डोक्यावर हात जायचा. लहानपणी त्याला मीच न्हाऊ घालायचे. रोज सकाळी त्याच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं व्हायचं, आणि मग आठवायचं. मला नाही गं झेपलं.”

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. मिठी वगैरे काही नाही. मधे गिअर होता, पर्सेस होत्या. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी आपापल्या खिडकीकडे तोंड करून रडलो. त्यांच्या दुःखाची मी वर्षभर मालीश करत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता, त्यांना माझ्या दुःखाचा होता. तरी त्यांनी मला येऊ दिलं होतं.

पुढच्या वसंतात अटलांटाला राहणारी माझी नणंद येऊन त्यांना तिच्याकडे घेऊन गेली. ते बरोबरच होतं, त्या एकट्या राहण्यासारख्या नव्हत्या. मला चल म्हणाल्या, पण माझी नोकरी इथे. त्यांचं घर विकलं गेलं. बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी काही दिवस उगीच त्याच रस्त्याला लागायचे, मग वळून परत यायचे.

रविवारी त्या फोन करतात. आता आम्ही त्याच्याबद्दल बोलतो, पण थोडंच. कधी कधी बोलायला काहीच नसतं. मग त्या तिकडे भाजी चिरतात, मी इकडे कणीक भिजवते, आणि फोन तसाच चालू असतो.