एकोणसाठ ट्रायल आणि एक जहाज

टेलर मास्तरांनी शिवलेला कपडा कधी कुणाला तंग झाला नाही, कारण तीनदा ट्रायल घेतल्याशिवाय ते तो गिऱ्हाइकाच्या हवाली करतच नसत. एका नवरदेवाच्या कोटाची चौथी ट्रायल त्यांनी लग्नाच्या हॉलमागे घेतली होती, आत सगळे खोळंबलेले असताना.

हाच नियम त्यांनी गेमलाही लावला. दुकानामागच्या खोलीत टीव्हीला जोडलेला गेमचा एक जुना डबा होता. त्या डब्यातच कंपनीचं दुकान: पडद्यावर उघडायचं, गेम विकत घ्यायचा, की तो डब्यात उतरलाच. घेण्याआधी अर्धा तास फुकट खेळून बघता येई. मास्तरांनी त्या अर्ध्या तासावर अकरा वर्षं काढली. एकोणसाठ गेमची सुरुवात त्यांना तोंडपाठ होती. शेवट एकाचाही नाही.

जीव अडकला होता तो जहाजाच्या गेममध्ये. शिडं बांधायची, खलाशी गोळा करायचे, नांगर उचलायचा. जहाज बंदराच्या तोंडाशी आलं की पडदा काळा. पुढे जायचं तर विकत घ्या.

आणि आज डब्यावर सूचना झळकली होती. जुन्या डब्यांसाठीचं दुकान संध्याकाळी पाचला कायमचं बंद. तोवर डब्यात उतरलेलं राहील, राहिलेलं गेलं.

"घेऊन टाका ना ते जहाज," काजं करता करता बायको म्हणाली. "माझ्याशी लग्न करताना किती ट्रायल घेतल्या होत्या?"

"एकदाच तर भेटलो होतो."

"मग? उसवलं का कुठे?"

साडेतीनला मास्तरांनी जहाज घेतलं. डबा म्हणाला, जागा नाही. एकोणसाठ ट्रायलनी तो गच्च भरला होता. मास्तर एकेक पुसू लागले, पण पुसण्याआधी प्रत्येक शेवटचा खेळून.

"चार वाजून दहा झाले," बायको म्हणाली. "तुम्ही अजून दुसऱ्यावरच?"

"निरोप घेतोय."

तिनं सुई टोचून ठेवली आणि रिमोट हातात घेतला. "हा कोण?"

"चांगला आहे गं. नुसता पुलावरून पडतो."

"पडला. ही?"

"तिला अजून भाऊ सापडायचाय."

"शोधेल तिची ती."

दहा मिनिटांत डबा रिकामा. जहाज उतरू लागलं, पण किती उतरलं ते दाखवणारी टीव्हीवरची पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. पाच वाजत आले, तेवढ्यात बँकेतले साहेब पँट न्यायला आले.

"घेऊन जा," पट्टीवरून नजर न हलवता मास्तर म्हणाले.

"ट्रायल?"

"नको. बसेल."

साहेब पँट छातीशी धरून उभेच राहिले. "वहिनी, मास्तरांची तब्येत बरी आहे ना?" आणि उत्तराची वाट न बघता ते स्वतःच ट्रायलच्या पडद्याआड शिरले.

पाचला दोन मिनिटं कमी असताना पट्टी भरली. पाचला डब्यातलं दुकान मिटलं.

मास्तरांनी भराभर शिडं बांधली, खलाशी गोळा केले, नांगर उचलला. बंदराचं तोंड आलं. पडदा काळा झाला नाही. जहाज बाहेर पडलं आणि चहूकडे नुसतं पाणी. मास्तरांचे हात थांबले.

"अगं, इथून पुढचं मला काहीच येत नाही."

"सरका," म्हणत ती शेजारी बसली. "डावीकडे घ्या. उसवलं तर बघू."

"मास्तर," पडद्यामागून साहेबांचा आवाज आला, "कमरेत जरा सैल..."

"उद्या या," दोघंही एकदम म्हणाली.